कुंभारणीचे कूळ

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकीकत सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश असे एकाहून एक थोर गुरू सांगत सांगत तो शेवटी येतो एका माशीपाशी. संस्कृतात तिचे नाव पेशस्कर. आपण तिला कुंभारीण म्हणतो; जुन्या मराठीत भिंगुरटी असाही गोड शब्द आहे. ही माशी एक अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते आणि तोंड लिंपून टाकते. आत कोंडलेली अळी भीतीने रात्रंदिवस तिचेच ध्यान करते, आणि ध्यान करता करता एक दिवस स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. ज्याचे ध्यान करावे तसे होऊन जावे, हा त्यातला उपदेश. एकनाथांनी या स्कंधावरची आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण केली आणि हा दृष्टान्त मराठी कीर्तनात कायमचा येऊन बसला. साखळीच्या दत्ताला लहानपणी ऐकलेल्या कीर्तनांतून तो माझ्याही कानावर अनेकदा पडला आहे.

आमच्या कचेरीच्या दप्तरखान्यात जुन्या फायलींच्या पाठीवर कुंभारणी घरटी करतात. शिपाई दर वर्षी ती खरवडून काढतो आणि दर वर्षी ती पुन्हा होतात. एकदा एक घरटे जमिनीवर पडून फुटले, तर आतून दहा-बारा कोळी सांडले. मेलेले नव्हते. पाय किंचित हलत होते, पण चालता येत नव्हते. (कोळी भरणारी कुंभारीण निराळी, अळ्या भरणारी निराळी, पद्धत एकच.) माशी नांगी मारून भक्ष्य लुळे करते, त्याच्यावर अंडे घालते आणि दार बंद करते. अंड्यातून निघालेली तिची अळी ते ताजे मांस खाऊन वाढते. भागवतकारांनी जे पाहिले ते अगदी बरोबर पाहिले होते: आत गेली अळी, बाहेर आली माशी. मधल्या बंद खोलीत काय घडले एवढाच प्रश्न होता.

गंमत म्हणजे हेच कोडे चीनमध्येही पडले होते. तिथेही फार जुना समज असा की, ही माशी परक्या अळीला मूल म्हणून घरी आणते आणि आपल्यासारखी करून सोडते. त्यावरून तिकडे दत्तक मुलाला त्या अळीचेच नाव पडले. पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगजिंग नावाच्या विद्वानाने प्रत्यक्ष निरीक्षण करून सांगितले की, माशी स्वतःची अंडी घालते, आणलेली अळी हे पिल्लांचे अन्न आहे. युरोपात तर सतराव्या शतकापर्यंत विद्वान मंडळी सुरवंटातून कधी फुलपाखरू निघते आणि कधी माश्यांचा थवा, याने चक्रावत होती. १७०० च्या सुमारास लेवेनहूक आणि व्हॅलिस्नेरी यांनी त्याचा उलगडा केला.

कुंभारीण निदान घर तरी बांधते. तिच्या जातकुळीतल्या हजारो माश्या तेवढेही कष्ट घेत नाहीत. त्या सुरवंटालाच घर करतात. सुईसारखी लांब नळी त्याच्या अंगात खुपसून आत अंडी सोडतात आणि निघून जातात. सुरवंट खातपीत राहतो, आतली अळी त्याला आतून खात राहते. मर्मस्थाने शेवटपर्यंत शिल्लक ठेवते, कारण यजमान लवकर मेला तर जेवण नासेल. आंब्यावरचे बांडगूळ आंब्याला जगवून स्वतः जगते. इथे तसे नाही, इथे भाडेकरू वाढला की घरमालक मरतोच. म्हणून शास्त्रज्ञ यांना नुसते परोपजीवी न म्हणता ‘पॅरासिटॉइड’ म्हणतात.

चार्ल्स डार्विनला याच माश्यांनी अस्वस्थ केले होते. २२ मे १८६० रोजी त्याने अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, दयाळू आणि सर्वशक्तिमान परमेश्वराने सुरवंटाला जिवंतपणी पोखरावे म्हणून या माश्या मुद्दाम निर्माण केल्या, हे माझ्या मनाला पटत नाही. एकाच जातीच्या प्राण्याकडे पाहून एका परंपरेला मोक्षाचा मार्ग दिसला आणि दुसऱ्या माणसाचा विश्वास डळमळला! आपल्या सरकारी खात्यांनी मात्र तिसराच अर्थ काढला. ऊस-कापसावरच्या किडींची अंडी मारायला ट्रायकोग्रामा नावाच्या अशाच चिमुकल्या माश्यांची ‘ट्रायकोकार्डे’ शेतकऱ्यांना देतात. २००८ मध्ये तामिळनाडूत पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण उतरला आणि पसरत गेला, तेव्हा २०१० मध्ये त्याच्यामागे परदेशातूनच तशीच एक माशी मागवली गेली, आणि तिने तो आटोक्यात आणला.

आता मूळ प्रश्न. हा उद्योग केव्हापासून चालू आहे? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात, पण माशीचे कूळ शोधायला हरकत नसावी. मऊ अंगाच्या किड्याचा पुरावा शिल्लक राहतो कुठे? त्यासाठी जावे लागते झाडाच्या राळेकडे.

फणस कापताना चिकाला मुंगी चिकटली की तिची काय गत होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. राळ गाळणाऱ्या झाडाच्या खोडावर असेच होते. वरून दुसरा थेंब ओघळला की कीटक आत बंद. ती राळ जमिनीखाली कोट्यवधी वर्षे पडून कडक झाली की तिला इंग्रजीत अंबर म्हणतात. मराठीत अंबर म्हटले की आभाळ किंवा वस्त्र डोळ्यांपुढे येते, म्हणून मला आपला जुना संस्कृत शब्द अधिक आवडतो: तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो तो मणी. फारसीतल्या कहरुबा शब्दाचाही अर्थ तोच, आणि ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत, त्यावरून पुढे विजेला नाव मिळाले. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास बाल्टिक किनाऱ्यावरच्या लोकांबद्दल लिहिताना बरोबर ओळखले होते की, आत सरपटणारे-उडणारे जीव दिसतात त्या अर्थी हा खडा म्हणजे झाडाचा रसच असला पाहिजे.

बाल्टिक तृणमणी साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. पूर्व प्रशियातल्या कोनिग्सबर्ग विद्यापीठात त्याचा लाखाच्या वर नगांचा संग्रह होता. दुसऱ्या महायुद्धात त्यातला काही भाग जर्मनीतल्या गॉटिंगनला हलवला म्हणून वाचला, बराचसा गेला. शहराचेही नाव बदलले, आज ते रशियाचे कालिनिनग्राड. त्याआधीच, १९३३ साली, हार्वर्डच्या चार्ल्स ब्रूस याने बाल्टिक तृणमण्यातल्या परोपजीवी माश्यांवर मोठा ग्रंथ लिहून ठेवला होता. या माश्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, पण त्यांच्या पंखांच्या शिरा, मिशांची पेरे, अंडी घालायची नळी, सारे मोजता येण्यासारखे. आणि मोजून निघाले काय? बहुतेक माश्या आजच्याच घराण्यांतल्या. साडेचार कोटी वर्षे मागे जाऊनही जुने असे फारसे काही नाही! म्हणजे मूळ त्याच्याही पलीकडे कुठेतरी.

त्याच ब्रूसच्या हाती मग कॅनडातल्या सीडर लेकचा तृणमणी आला. हा सुमारे पावणेआठ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर अजून जिवंत असतानाचा. त्यात आजच्या कुठल्याच घराण्यात न बसणारी एक माशी सापडली. १९३७ मध्ये त्याने तिला सर्फायटीस पॅराडॉक्सस असे नाव दिले आणि तिच्यासाठी नवे कुटुंबही मांडले. ते कुटुंब आज पूर्ण निर्वंश आहे.

या शोधाची खरी खाण निघाली ती आपल्या शेजारी, ब्रह्मदेशात. काचिन प्रांतातल्या हुकॉंग खोऱ्यातला तांबूस तृणमणी चीनच्या बाजारात शतकानुशतके जात होता. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात असताना १८९० च्या दशकात कलकत्त्याच्या भूविज्ञान सर्वेक्षण खात्यातला फ्रिट्झ नोटलिंग तिथे पोचला आणि त्याने त्या खाणींचा अहवाल केला. पुढे मंडालेच्या स्विन्हो नावाच्या गृहस्थांनी जमवलेले खडे कोलोराडोतल्या कॉकरेल या मधमाश्यांच्या अभ्यासकाकडे गेले. १९१६ पासून त्याने त्यातले कीटक वर्णन करायला सुरुवात केली. त्यात परोपजीवी माश्याही होत्या. कीटकांची जुनाट ठेवण पाहून कॉकरेलने म्हटले की, हे डायनोसॉरच्या काळातले असू शकते. ज्या खडकात ते सापडले तो खडक मात्र तरुण समजला जाई, म्हणून त्याचे म्हणणे कित्येक दशके बाजूला पडले. २०१२ साली खड्यांभोवतीच्या मातीतल्या ज्वालामुखीजन्य झिर्कॉन कणांवरून वय काढले गेले: ९ कोटी ८८ लाख वर्षे. किड्यांच्या तोंडावळ्यावरून अंदाज बांधणारा माणूस बरोबर ठरला. फायलीवरची तारीख चुकीची असली तरी कागदाचा वास आणि शाईचा रंग जुना दिसतो, हे आम्हा कारकुनांना चांगले कळते.

या ब्रह्मी तृणमण्यातला एक तुकडा माझा सर्वांत आवडता. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पॉइनर आणि बकली यांनी तो प्रसिद्ध केला. कोळ्याच्या जाळ्यात एक नर माशी अडकली आहे, आणि कोळी तिच्यावर झेप घेतो आहे. त्याच क्षणी वरून राळ ओघळली. जाळ्याचे पंधरा तंतू आजही तसेच आहेत. या माशीचे आजचे भाऊबंद कोणाची अंडी पोखरतात? कोळ्यांची! दहा कोटी वर्षांपूर्वीचे वैर, आणि निकाल लागायच्या आत दोघांनाही स्थगिती.

दुसरा तुकडा अगदी अलीकडचा. २०२५ च्या मार्चमध्ये बीजिंगच्या आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी काचिनच्याच तृणमण्यातली एक माशी जाहीर केली, सिरेनोबेथायलस कॅरिब्डिस. तिचे सोळा नमुने मिळाले, सगळ्या माद्या. तिच्या पोटाच्या टोकाला पाळ्यांचा एक सापळा आहे, खालच्या पाळीला राठ केस. किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या झाडाच्या पानासारखा. संशोधकांचा अंदाज असा की, ती यजमान किड्याला मारण्यासाठी पकडत नव्हती, अंडे घालून होईपर्यंत धरून ठेवत होती. मग सोडून देत असेल, अंगात आपली पोर घेऊन चालायला. आजच्या कुठल्याही माशीकडे असे हत्यार नाही. दहा कोटी वर्षांपूर्वीच या धंद्यात इतके डावपेच झाले होते की काही आज विस्मरणातही गेले आहेत.

दहा कोटी वर्षांपूर्वी जर एवढी भरभराट, तर आरंभ कुठे? इथे तृणमणी साथ सोडतो. किडे विपुल असलेला सर्वांत जुना तृणमणी लेबनॉनचा, सुमारे तेरा कोटी वर्षांचा, आणि परोपजीवी माश्या त्यातही आहेतच. त्यापूर्वीही झाडे राळ गाळत होती, पण तिच्यात जवळजवळ काही नाही. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात २३ कोटी वर्षांपूर्वीचे राळेचे थेंब सापडले. सत्तर हजार थेंब तपासले, तेव्हा हाती लागले तीन जीव: दोन कोळीण-कुळातले सूक्ष्म माइट आणि एक चिलटासारखी माशी. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. सत्तर हजार थेंब भिंगाखाली घालणाऱ्याच्या चिकाटीला माझा नमस्कार.

मूळ शोधायला मग दगडाकडेच जावे लागते. कझाकस्तान आणि चीनमधल्या सोळा-साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या पाटीसारख्या खडकांत लांबच लांब नळी असलेल्या माश्यांचे ठसे आहेत. मॉस्कोच्या अलेक्झांडर रास्नित्सिन यांनी असे ठसे वाचण्यात आयुष्य घालवले. त्यांनी मांडलेला क्रम साधारण असा. या सगळ्या कुळाचे आद्य पूर्वज पाने, परागकण खाणारे निरुपद्रवी जीव. त्यांचे वंशज आजही आहेत. त्यांची अंडी घालायची नळी करवतीसारखी, झाडाचा कोवळा भाग चिरायला. पुढे काहींनी ती लाकडात घातली. लाकूड पचवायला कठीण, म्हणून त्याबरोबर बुरशी पेरू लागल्या. त्याच लाकडाच्या बोगद्यांत भुंग्यांच्या अळ्याही राहत. केव्हातरी एका अळीने लाकडाच्या भुशापेक्षा शेजाऱ्याला खाणे सोयीचे ठरवले.

याचा साक्षीदार आजही आहे. ओरुसिड नावाची एक दुर्मीळ माशी दिसते जुन्या पर्णभक्षकांसारखी, पण तिची अळी लाकडातल्या भुंग्यांच्या अळ्यांवर वाढते. मादी मिशांनी खोड ठोकते आणि येणारी कंपने पायांत घेऊन आत पोकळी कुठे आहे ते ताडते. नारळ वाजवून पाहावा तसे. हे उलगडणारे डेन्मार्कचे लार्स व्हिलहेल्मसेन २०२५ च्या सापळेवाल्या माशीच्या संशोधनातही आहेत.

२०१७ मध्ये एका मोठ्या गटाने १७३ जातींच्या कीटकांतली ३,२५६ जनुके ताडून पाहिली. दगड आणि राळ जिथे गप्प होती तिथे रक्ताची साक्ष. निष्कर्ष असा की, या कुळाचे फाटे फुटायला सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली, आणि दुसऱ्याच्या अंगावर पिल्लू वाढवण्याची युक्ती या कुळाला एकदाच सुचली. ओरुसिडांच्या आणि बाकी सगळ्यांच्या समाईक पूर्वजाला. त्यानंतरचे सगळे त्याचेच वंशज.

सगळे म्हणजे कोण कोण? इथेच मला सर्वांत मोठा धक्का बसला. कुंभारीण तर आलीच. तिची नांगी ही मुळात अंडी घालायची नळी, म्हणून या कुळात नांगी फक्त मादीला असते. पण गांधीलमाशी, मुंगी आणि मधमाशीही त्याच रांगेत. मुंगीचा पुरावा पुन्हा राळेतच मिळाला. अमेरिकेत न्यू जर्सीच्या क्लिफवुड बीचवर १९६६ मध्ये फ्रे नावाच्या निवृत्त दांपत्याला नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत दोन किडे दिसले. पुढच्या वर्षी ई. ओ. विल्सन आणि सहकाऱ्यांनी ते तपासले: देह मुंगीचा, जबडा मात्र गांधीलमाशीचा. नाव ठेवले स्फेकोमिर्मा फ्रेयी, म्हणजे फ्रे यांची माशीमुंगी. मधमाशी तर शिकार सोडून फुलांकडे वळलेली माशीच. अहिंसेचे उदाहरण म्हणून आपण जिचे नाव घेतो त्या मधमाशीच्या वंशावळीत पणजी-खापरपणजी जिवंत देह पोखरून वाढलेली आहे. डार्विनला हे एवढे तपशीलवार ठाऊक असते, तर ग्रे यांना त्याने आणखी एक पत्र लिहिले असते असे मला उगाच वाटते.

ज्या ब्रह्मी खड्यांनी यातले बरेच शिकवले, त्यांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. काचिनमध्ये बंडखोर आणि लष्कर यांच्यातली शस्त्रसंधी २०११ मध्ये मोडली. २०१७ च्या जूनमध्ये लष्कराने हुकॉंग खोऱ्यातल्या खाणी ताब्यात घेतल्या आणि खाणींवर जगणारी माणसे परागंदा झाली. खडे सीमेपलीकडे युनानच्या बाजारात येतच राहिले, शोधनिबंधही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या पृष्ठवंशीय जीवाश्मशास्त्रज्ञांच्या संस्थेने नियतकालिकांना पत्र लिहून, जून २०१७ नंतर खरेदी झालेल्या खड्यांवरचे लेखन तूर्त छापू नये अशी मागणी केली. त्यावर संशोधकांत दोन तट पडले. खाणीत उतरणाऱ्याचा यात दोष नाही, मग त्याच्या खड्यावर बहिष्कार का, असे एका बाजूचे म्हणणे. त्या खड्याच्या पैशाने गोळी विकत घेतली जाते, असे दुसऱ्या बाजूचे. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. खडा दहा कोटी वर्षे थांबला आहे, आणखी थोडा थांबू शकतो.

आणि आपल्या देशातही राळ आहे. सुरतजवळच्या वास्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीतून पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची सुमारे दीडशे किलो राळ गोळा केली गेली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले हुकम सिंग, गढवाल विद्यापीठातले राजेंद्र राणा आणि जर्मन-अमेरिकन सहकारी यांनी २०१० साली तिच्यातल्या सातशेहून अधिक कीटक-कोळ्यांचा अहवाल दिला. ५५ कुटुंबांतले हे जीव. भारत तेव्हा आशियाला नुकता भिडत होता. बेटासारखा एकटा तरंगत आलेल्या या भूमीवर सगळे विचित्र, एकांडे प्राणी मिळतील अशी अपेक्षा होती. मिळाले ते आशिया-युरोपातल्यांचे सोयरे. २०१३ मध्ये यातल्या मधमाश्यांचे वर्णन आले, म्हणजे कुंभारणीचे कूळ इथेही हजर.

ही राळ गाळणारी झाडे साल वृक्षाच्या कुळातली. देवापुढे धुपात आपण जी राळ जाळतो ती सालाचीच. बाल्टिक खड्यासारखी ती घट्ट झालेली नाही, योग्य द्रावणात घातली तर विरघळते. मग वास्तानच्या खड्यातून बाहेर येतो तो ठसा नव्हे, चित्र नव्हे, पंख-पायांसकट आख्खा कीटक, पाच कोटी वर्षांनी प्रथमच हवा लागलेला.